अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

अकोला
२१ जून २००७, गुरुवार

प्रिय प्रणाली,

अनीसा आपाचा सलाम. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. वलगावला सगळे सुखरूप असतील असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत. आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम हे जाड पाकीट कसं आलं, म्हणून तू ते उलटंपालटं करून पाहशील. खुशाल पाहा, पत्ता माझ्याच हातचा आहे.

उज्माचे अब्बा शाळेच्या गणवेशांत बुडाले आहेत. जूनभर त्यांना मान वर करायला सवड नसते, जेवायलाही मशीनवरून ओढून उठवावं लागतं. उज्मा बारावी झाली. मार्क चांगले पडले आणि त्या मार्कांच्या जोरावर तिनं नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला आहे. मी सही करत नाही म्हणून घरात तोंड फुगवून फिरते. आई नर्स आहे, मग मी का नको, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, बीएस्सी कर, बीएड कर, शाळेत शिकव, नर्सिंगमध्ये काही ठेवलेलं नाही. तिला पटत नाही.

आपल्या वॉर्डाला नवा रंग दिला. फिकट गुलाबी. कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, दोन महिन्यांत भिंती खालून मळल्या. तीन नव्या मुली आल्या आहेत कंत्राटावर. एकीला सलाईनची सुई नीट लावता येत नाही, दुसरी पेशंटचे नातेवाईक ओरडले की स्टोअरमध्ये जाऊन रडते, तिसरी मोबाइलवर असते. तुझ्यासारखी एकही नाही. खरं सांगू, मला या नोकरीचा वीट आला आहे. अठरा वर्षं फिनाइलचा तो वास मला घरचा वाटत होता. आता पायरी चढताना तोच वास आला की नाकाला पदर लावते.

आता मुद्द्याचं. आपल्या ट्रस्टचे सचिव खुशालराव यांनी परवा मला ऑफिसात बोलावलं. तुझी फाइल समोर होती. ३० ऑगस्टला चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. त्यात तुझा दोष कायम झाला तर ते कौन्सिलला लिहिणार, म्हणजे तुझं नर्सचं रजिस्ट्रेशन धोक्यात. आणि आरोग्य केंद्रात तुझी जी निवड झाली आहे, ती नेमणूक आपल्या हॉस्पिटलच्या दाखल्यासाठी अडली आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एक मार्ग काढला आहे. तू दोन ओळींचा माफीनामा लिहून द्यायचा. ‘डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मी सहदेव या रुग्णाची ॲट्रोपिनची ड्रिप बंद केली. ही माझी चूक अननुभवामुळे झाली.’ एवढंच. मग फाइल बंद आणि दाखला तुझ्या हातात.

मला वाटतं, तू लिहावंस. डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय नर्सनं ड्रिप बंद करायची नसते, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यात खोटं काय आहे? माणूस गेला तो गेला. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. लग्नाचं चाललं असेल, नोकरी असली तर स्थळंही बरी येतात.

माझ्या साक्षीचं म्हणशील तर मी चार्टमध्ये आहे तेच सांगितलं आणि पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन. कागदाच्या पलीकडचं मी काय सांगणार? त्या दिवसाचं बाकी काही उकरून काढण्यात कोणाचंच भलं नाही. माफीनाम्याचा मसुदा सोबत ठेवला आहे, फक्त सही करायची. उलट टपाली पाठव.

तुझं बरं व्हावं असं वाटणारी,
अनीसा आपा

*

वलगाव
२ जुलै २००७

अनीसा सिस्टर,

पत्र मिळालं. आईबाबा बरे आहेत. मी घरीच आहे. मी अकोल्याला माणूस मारून आले, हे गावात माझ्या आधी पोचलं होतं. तोंडावर कोणी बोलत नाही. पण पूर्वी सुट्टीत आले की ओसरीवर बीपी पाहायला म्हाताऱ्यांची रांग लागायची, आता कोणी फिरकत नाही.

मसुदा परत पाठवते आहे. सही करणार नाही. ड्रिप मी बंद केली, ऑर्डर नव्हती, हे मी त्याच दिवशी लिहून दिलं आहे. पण ती चूक होती असं लिहिलं, तर उद्या तसाच माणूस समोर आला की मी काय करायचं?

तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी वॉर्डातलं थर्मामीटर कुठे होतं?

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. पण मग पत्रही लिहू नका.

प्रणाली

*

अकोला
१६ ऑगस्ट २००७

प्रणाली,

या वेळी खुशाली विचारत नाही.

थर्मामीटर माझ्या कपाटात होतं. एक नाही, दोन्ही. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात होती.

एवढं लिहायला सहा आठवडे लागले. लिहिल्यावर पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं म्हणून. आता ठरलं आहे, काही करूनही झालं आहे, तेव्हा सगळं ओळीनं लिहिते.

तू वॉर्डात वर्षभराची, कंत्राटावरची. वॉर्डाची रीत तुला अर्धीच माहीत होती. त्या उन्हाळ्यात तीन थर्मामीटरं फुटली आणि तिन्ही माझ्या पगारातून कापली गेली. इन्चार्ज म्हणून माझ्या नावावर होती ना. तिसऱ्या वेळी मी उरलेली दोन कपाटात टाकली. ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडून मागून न्यावं, पारा उतरवून परत आणून द्यावं. मुली मागायला यायच्या तर मी दहा प्रश्न विचारायची. कशाला पाहिजे, कोणाला लावते, हात थरथरतो तुझा. हळूहळू मागणं बंद झालं. मला बरंच वाटलं.

चार्ट मात्र भरलाच पाहिजे. सकाळी आठला आल्या आल्या मी चाळीस खाटांवरून फिरायची, कपाळावर हात ठेवायची, ज्याला ताप वाटला त्याला शंभर किंवा एकशे एक. बाकी सगळे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आणि फक्त आठचं नाही, बाराचं आणि चारचंही तेव्हाच लिहून मोकळी. दुपारी चार वाजता माणसाचं अंग किती तापलेलं असेल ते मी सकाळी आठला लिहीत होते, प्रणाली! आणि हे वर्षानुवर्षं. माझ्या आधीच्या इन्चार्जनं मला हेच शिकवलं आणि ती आपली हुशारी आहे असं समजून मी शिकले. तपासणीला आलेले लोक माझ्या चार्टचं कौतुक करायचे. शाई एक, अक्षर एक, कुठे खाडाखोड नाही. कशी असेल खाडाखोड, एका बैठकीतलं लिखाण ते. ते कौतुक ऐकताना मी पदर सावरून उभी राहायची. आता आठवलं की अंगावर शिसारी येते.

तो दिवस ११ ऑक्टोबरचा. रमजान चालू होता, माझा रोजा होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगते कारण त्यानंच मला स्वतःची जास्त किळस येते. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, थुंकीसुद्धा गिळली नाही आणि त्याच तोंडानं काय काय बोलले ते पुढे येईलच.

सहदेवला आदल्या संध्याकाळी आणलं होतं. तेल्हाऱ्याकडचा, लोकांच्या शेतात फवारणी करणारा मजूर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, अंगभर घाम. त्याची बायको गंगूबाई दारातून ओरडत होती, “पेलं नाही जी त्यानं! पऱ्हाटीवर फवारा मारून राहिला होता तीन दिवसापासून.” आपण कोणी ऐकलं? पेपरवर ‘विष प्राशन’ लिहिलं आणि मोकळे झालो. त्या वर्षी विषबाधेनं आलेला प्रत्येक माणूस आपल्या लेखी विष पिलेलाच होता. वर्तमानपत्रांत रोज तेच, आपल्या तोंडात तेच. आणि पिलेल्याशी बोलायची आपली एक खास तऱ्हा होती. जीव स्वतःहून फेकला आणि आता आमची मेहनत खातो, अशी. पोट धुवायला नळी घालताना तो तोंड उघडेना, तर मी त्याचा जबडा धरला आणि म्हणाले, “पेताना जोर होता, आता कावून दात मिटून राहिला?” तीन दिवस दुसऱ्याच्या कपाशीवर फवारून आलेल्या माणसाला मी हे म्हणाले. तो ऐकू शकत होता.

विष पोटात नव्हतंच. ते त्याच्या सदऱ्यात होतं, कातडीवर होतं. रात्रपाळीनं त्याला त्याच सदऱ्यात झोपवलं, कारण पिलेल्या माणसाचे कपडे कोण पाहतो? सकाळी तू आलीस. वाकून सदरा हुंगलास, काढून बाहेर टाकलास, साबण लावून त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलंस. मी लांबून पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही पोरगी एका पेशंटवर सगळी सकाळ घालवते. समितीच्या एकाही कागदावर ती आंघोळ नाही. मीच लिहिली नाही.

त्यानंतर जे झालं ते तू माझ्यापेक्षा आधी ओळखलंस. सदरा गेला, अंग धुतलं, विष आत जायचं थांबलं. विषावरचा उतारा असलेल्या ॲट्रोपिनचा वेग मात्र रात्रीचाच राहिला. बारा वाजता वीज गेली. लोडशेडिंग पाचपर्यंतचं. जनरेटर ऑपरेशन थिएटरला आणि स्पेशल रूमला, आपल्या चाळीस खाटांना ऑक्टोबरचं ऊन. अडीचच्या सुमाराला सहदेव बडबडायला लागला. बाहुल्या मोठ्या, जीभ लाकडासारखी कोरडी, घामाचा टिपूस नाही. चादरीवरून, हवेतून दोन्ही हातांनी काहीतरी तोडतोडून छातीशी जमा करत होता. गंगूबाई म्हणाली, “कापूस येचून राहिला जी.” शेजारच्या खाटेवरचे हसले. मीही हसले.

तू धावत आलीस. “आपा, याचं आंग पाहा ना. लय तपून रायलं. ॲट्रोपिन जास्त होऊन राहिलं याले.” मी आले नाही. टेबलावरूनच डॉक्टर किशोर यांना फोन लावला, ते त्यांच्या दवाखान्यात होते. त्यांनी विचारलं, टेम्परेचर किती? चार्ट माझ्यासमोर उघडा होता. बारा वाजताच्या घरात मी सकाळी लिहिलेला आकडा होता. मी वाचून दाखवला, नॉर्मल आहे सर, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ते म्हणाले, “मग कशाची भीती? पिलेला माणूस बडबडतेच. चालू ठेवा.”

त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फोनवर त्यांच्याकडे दुसरे डोळे नव्हते, माझेच होते आणि मी ते मिटून घेतले होते.

मग तू थर्मामीटर मागितलंस. मी म्हणाले, फुटलं, नवीन आलं नाही. आठवतं ना? तू दोन पावलं जाऊन वळलीस आणि माझ्या खिशाकडे पाहिलंस. तेव्हाच तुला कळलं होतं, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. मी का खोटं बोलले? फुटेल म्हणून नाही. तू ते लावलं असतंस आणि पारा वर चढला असता, तर मी पाच मिनिटांपूर्वी डॉक्टरला सांगितलेलं खोटं पडलं असतं. एवढ्यासाठी. एका माणसाच्या जिवासमोर मी माझं अक्षर वाचवलं.

तू ड्रिप बंद केलीस. “ऑर्डर नाही,” मी म्हणाले. तू म्हणालीस, “मंग आणतो ऑर्डर. तोपर्यंत बंद राहू द्या, आपा.” आणि दुसरा कोणी डॉक्टर मिळतो का पाहायला खाली ओपीडीत धावलीस. तुला विचारायचं होतं ना, तसाच माणूस पुन्हा समोर आला तर काय करू? हेच कर. मला असं वाटण्याला काही किंमत उरली असेल तर ऐक. त्या दुपारी त्या वॉर्डात एकच नर्स होती, ती तू. मी गणवेश घातलेली एक बाई होते.

तू खाली गेल्यानंतर वॉर्डात काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते शेवटी लिहिते, आत्ता हात धजत नाही. पन्नास मिनिटांनी ड्रिप मी पुन्हा सुरू केली, हे तू फाइलमध्ये वाचलं आहेस. तू डॉक्टर न मिळता परत आलीस तोवर चार वाजले होते आणि त्याला आकडी आली होती. दहा मिनिटं कमी पाचला तो गेला. चार्टवर चार वाजता काय आहे ते समितीच्या तीन माणसांनी पाहिलं, वाचलं, फाइलला लावलं. आकडीत तडफडणाऱ्या माणसाचं अंग अठ्ठ्याण्णव पॉइंट चार कसं, असं तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. नॉर्मल माणसाचं चालू औषध एका पोरीनं बंद केलं आणि तो मेला, असा सरळ हिशेब त्यांनी लावला. तो लावायला लागणारा आकडा मी पुरवला. नंतर तुझ्या विरोधातल्या साक्षीवर सही केली ती त्याच पेननं. उज्माला नर्सिंगला जाऊ देत नव्हते त्याचं कारणही हेच, दुसरं काही नाही. ती माझ्या हाताखाली शिकली तर काय शिकेल?

२७ जुलैला मी खुशालरावांकडे गेले आणि नवी साक्ष लिहून दिली. चार्ट खोटा आहे, फोनवर खोटं मी सांगितलं, थर्मामीटर मी दिलं नाही. त्यांनी ती चष्मा काढून, परत लावून दोनदा वाचली. म्हणाले, “सिस्टर, माणसं आज हे म्हणते, उद्या ते म्हणते. कागद बदलत नाही.” मी म्हणाले, हाही कागदच आहे. ते म्हणाले, “याच्यानं इतक्या वर्षांचे सारे चार्ट खोटे पडते. तुमचं रजिस्ट्रेशन जाईन ते वेगळंच. हॉस्पिटलचा विचार करा.” मग शिपायाकरवी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही. 

साक्षीच्या प्रती मी समितीच्या तिघांना रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. दुसऱ्या दिवशी मला वॉर्डातून काढून चादरींच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिघांपैकी एक निवृत्त डॉक्टर आहेत, त्यांचं फक्त उत्तर आलं. सिस्टर, तुम्ही आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगता. त्या वेळी खाटेजवळ असलेलं दुसरं कोणी हे सांगेल का?

खाटेजवळ एकच माणूस होतं. म्हणून रविवारी मी तेल्हाऱ्याची एसटी धरली.

गंगूबाई गावाबाहेर एका शेतात निंदण करत होती. मला पाहून तिनं विळा खाली ठेवला आणि उठून उभी राहिली, वॉर्डात मी यायची तेव्हा राहायची तशी. मी सांगितलं, प्रणाली सिस्टरवर आळ आहे, तिनं काय केलं ते तुम्ही पाहिलं, ३० तारखेला अकोल्याला येऊन तेवढं सांगा. ती नाहीच म्हणाली. मी पुन्हा विचारलं तर मागे सरकली. “म्या काई सांगत नाही जी. मले नका नेऊ तिथं. म्याच मारलं त्याले.”

आता ते लिहिते.

तू ओपीडीत जाताना तिला सांगून गेली होतीस, मावशी, फडकं ओलं करून अंगावर ठेवत राहा, थांबू नका. तिच्याजवळ फडकं नव्हतं. तिनं लुगड्याचा पदर फाडला. बादलीत बुडवून त्याच्या कपाळावर, छातीवर, काखेत ठेवत राहिली. पाऊण तास. तो थोडा शांत झाला होता, प्रणाली. कापूस वेचायचा थांबला होता. मी हे पाहिलं होतं. साडेतीनला खुशालराव देणगीदारांना घेऊन वॉर्ड दाखवायला येणार होते. त्या दिवसापुरत्या कपाटातल्या हिरव्या चादरी काढून अंथरल्या होत्या. सहदेवची चादर भिजून काळी पडली होती, खाली पाणी साचलं होतं. मी जाऊन ते फडकं त्याच्या छातीवरून ओढून काढलं, बादली पायानं खाटेखाली ढकलली आणि गंगूबाईवर ओरडले, “ओलं कापड ठेवून न्यूमोनिया करता का त्याले? मारून टाकता का?” चादर बदलली. ड्रिप बंद दिसायला नको म्हणून ती चालू केली. पाहुणे आले. वॉर्ड किती स्वच्छ ठेवला आहे, असं म्हणून गेले. अर्ध्या तासानं त्याला आकडी आली.

मी ओरडले आणि विसरले. दिवसाला वीस बायांवर ओरडायची, कोण लक्षात ठेवतं? तिनं लक्षात ठेवलं. नर्सबाई म्हणाली ओल्या कापडानं मरते आणि लगेच तो मेला. घरी जाऊन तिनं ते सासूला स्वतःच सांगितलं. दहा महिने झाले, सासू तिच्या हातचं पाणी पीत नाही.

तिथे शेताच्या धुऱ्यावर उभी राहून मी तिला सांगितलं, कापड बरोबर होतं. त्या पोरीनं बरोबर सांगितलं होतं, तुम्ही बरोबर करत होत्या. चुकीचं मी केलं. कापड काढलं ते मी.

तिनं खाली ठेवलेला विळा उचलला. मग विचारलं, “मंग ते तसंच ठेवलं असतं, त वाचला असता का?”

अठरा वर्षांत मला असा प्रश्न हजार वेळा आला असेल. दर वेळी एकच उत्तर दिलं, डॉक्टरांना विचारा. ते आमच्या तोंडातच बसलेलं असतं. तिथे विचारायला डॉक्टर नव्हता. मी म्हणाले, “माहीत नाही. वाचला असता कदाचित. पण मी काढायला नको होतं.”

ती रडली नाही, मला शिवी दिली नाही. “चाला,” म्हणाली. “हे माह्या सासूले सांगा. जसं मले सांगतलं तसंच सांगा.” आणि पुढे चालायला लागली. मी मागे.

सासूचं नाव गोदाबाई. दारात बसून तांदूळ निवडत होती. शेजारच्या दोन बाया होत्या, मला पाहून आणखी चार आल्या. गंगूबाईनं कोणालाही जायला सांगितलं नाही. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कुलूप, आकडा, फोन, फडकं. मधे एक बाई म्हणाली, “असे लोक असते बापा दवाखान्यात!” गोदाबाईनं तांदूळ निवडायचं थांबवलं. सूप बाजूला ठेवलं. मग सुनेकडे न पाहता म्हणाली, “गंगू, पाणी आन वं.”

गंगूबाईनं तांब्या भरून आणला. म्हातारीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण प्यायली. गंगूबाई चौकटीला धरून उभी होती. मला तिथे उभं राहवेना आणि तिथून निघायचीही लाज वाटली. मला कोणी पाणी विचारलं नाही.

३० तारखेला गंगूबाई येते आहे. मी म्हणाले, सोबत येते घ्यायला. ती म्हणाली, “तुमच्यासंगं नाही. म्या एकली येतो.” त्या पोरीनं काय सांगितलं आणि तिनं काय केलं, तेवढं ती सांगणार आहे. समिती मानेल की नाही, मला सांगता येत नाही. खुशालराव अजून मला निरोप पाठवतात की साक्ष मागे घ्या. घेणार नाही. तू हे पत्र समितीला दे, कौन्सिलला दे, वलगावच्या चावडीवर वाचून दाखव. त्याच्यासाठीच सगळं नावानिशी लिहिलं आहे.

त्या दिवशी अकरा वाजता ये. गंगूबाई तुझ्याजवळ बसेल, तिला अकोल्यात दुसरं कोणी ओळखीचं नाही. मी टेबलासमोरच्या त्या एकट्या खुर्चीवर असेन, जिथे गेल्या वेळी त्यांनी तुला बसवलं होतं.

अनीसा